गळा गायकाचा, माईक कुणाचा?

१० मार्च २००३ची रात्र. लंडनमधल्या शेफर्ड्स बुश एम्पायर या जुन्या नाट्यगृहात अमेरिकेतून आलेल्या तिघीजणी गात होत्या. मुख्य गायिका नॅटली मेन्स ही टेक्सासमधल्या लबक गावची. एका बाजूला फिडल वाजवणारी मार्टी मॅग्वायर, दुसऱ्या बाजूला बँजो घेऊन उभी असलेली तिची धाकटी बहीण एमिली रॉबिसन. इराकवर हल्ला होणार हे तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं. महिनाभर आधीच लंडनच्या रस्त्यांवर लाखोंचा मोर्चा निघाला होता. दोन गाण्यांच्या मधल्या वेळात नॅटली बोलून गेली, की हे युद्ध आम्हालाही नको आहे आणि अमेरिकेचे अध्यक्ष आमच्या टेक्सासचे आहेत याची आम्हाला लाज वाटते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढचं गाणं सुरू झालं.

दोन दिवसांनी 'गार्डियन'मध्ये त्या मैफिलीचं परीक्षण छापून आलं आणि त्यात ते वाक्य होतं. वाक्य समुद्र ओलांडून घरी पोचलं, आणि 'डिक्सी चिक्स' या नावाने गाणाऱ्या या तिघींचं आयुष्य त्या आठवड्यात बदललं.

त्या वेळी त्या कुठे होत्या, हे आधी सांगायला हवं. 'कंट्री' म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतून, शेतांतून आणि ट्रकच्या केबिनमधून ऐकलं जाणारं संगीत. त्या जगात यांच्याएवढा खप असलेला महिलांचा दुसरा गट नव्हता. १९९८ आणि १९९९ या लागोपाठच्या वर्षांतल्या त्यांच्या दोन अल्बमच्या एकट्या अमेरिकेत प्रत्येकी एक कोटीहून अधिक प्रती गेल्या. लंडनच्या त्या रात्रीआधी जेमतेम दीड महिना, जानेवारी २००३मध्ये, सुपर बोल या अमेरिकी फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या सामन्यात राष्ट्रगीत म्हणण्याचा मान त्यांना मिळाला होता. 'ट्रॅव्हलिन सोल्जर' हे त्यांचं गाणं मार्चमध्ये कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. हे गाणं आहे व्हिएतनामच्या युद्धात गेलेल्या एका कोवळ्या सैनिकाचं आणि त्याची वाट बघणाऱ्या मुलीचं. सैनिकांविषयी इतक्या मायेने गाणाऱ्या बायकांना देशद्रोही ठरवायला पंधरा दिवसही लागले नाहीत. काही आठवड्यांत ते गाणं यादीतून दिसेनासं झालं.

रेडिओ स्टेशनांवर फोन सुरू झाले. यांची गाणी लावू नका, नाहीतर आम्ही तुमचं स्टेशन ऐकणार नाही, असं सांगणारे फोन. लुइझियाना राज्यात एका स्टेशनने लोकांना त्यांच्या सीडी घेऊन बोलावलं आणि त्या ढिगावरून ट्रॅक्टर फिरवला. जमलेले लोक ओरडून दाद देत होते. नॅटलीने १४ मार्चला माफी मागितली. अध्यक्षपदाचा मान राखायला हवा होता, असं ती म्हणाली. माफीने काहीच थांबलं नाही.

हा सगळा श्रोत्यांचा उत्स्फूर्त राग होता, असं आजही सांगितलं जातं. ते अर्धं खरं आहे. राग खरा होता. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांना दीड वर्ष झालं होतं, घराघरातली मुलं सैन्यात होती, आणि आपल्या गावच्या वाटणाऱ्या बाईने परदेशात जाऊन आपल्या अध्यक्षाविषयी असं बोलावं, हे अनेकांना मनापासून लागलं. त्यांनी सीडी घेतली नाही, स्टेशन बदललं. तो त्यांचा हक्क. पण उरलेली अर्धी गोष्ट वेगळ्याच ठिकाणी घडली, आणि ती समजून घेतल्याशिवाय कलाकारांना बोलण्याची किंमत कशी मोजावी लागते हे कळत नाही.

अमेरिकेत १९९६पर्यंत एका कंपनीला देशभरात ठरावीक संख्येपेक्षा जास्त रेडिओ स्टेशनं ठेवता येत नसत. त्या वर्षीच्या दूरसंचार कायद्याने देशपातळीवरची ही मर्यादा काढून टाकली. मग विकत घेण्याचा सपाटा सुरू झाला. क्लिअर चॅनल ही एकच कंपनी काही वर्षांत बाराशेच्या आसपास स्टेशनांची मालक झाली. क्युम्युलस नावाच्या दुसऱ्या कंपनीकडे कंट्री संगीताची चाळीसहून अधिक स्टेशनं होती. गावोगावचा निवेदक पूर्वी आपल्या गावाची नाडी बघून गाणी निवडायचा. आता यादी वरून येऊ लागली. त्यामुळे क्युम्युलसने आपल्या सगळ्या कंट्री स्टेशनांवर डिक्सी चिक्सची गाणी महिनाभर बंद ठेवली, तेव्हा ती एका फटक्यात सगळीकडे बंद झाली. कोलोरॅडोमधल्या एका स्टेशनवर दोन निवेदकांनी हट्टाने त्यांची गाणी लावली. दोघांनाही निलंबित केलं गेलं.

जुलै २००३मध्ये हा विषय अमेरिकी सिनेटच्या वाणिज्य समितीपुढे आला. अध्यक्षस्थानी होते जॉन मॅकेन, अध्यक्ष बुश यांच्याच पक्षाचे आणि युद्धाचे समर्थक. त्यांनी क्युम्युलसच्या प्रमुखांना धारेवर धरलं. एखाद्या स्थानिक स्टेशनने आपल्या श्रोत्यांचं ऐकून गाणं थांबवणं वेगळं, आणि मुख्य कार्यालयातून सगळ्यांना हुकूम जाणं वेगळं, हा त्यांचा मुद्दा होता. मला हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटतो. नॅटलीचं मत मॅकेनना मान्य नव्हतं, तरी प्रश्न मताचा नसून गायक आणि श्रोता यांच्या मधल्या दाराच्या किल्लीचा आहे, हे त्यांनी ओळखलं.

त्या वर्षीचा दौरा तसा पार पडला, कारण तिकिटं लंडनच्या आधीच मोठ्या संख्येने विकली गेली होती. पण ६ जुलैच्या डॅलसच्या कार्यक्रमाआधी नॅटलीला मंचावर गोळी घालू, अशी तारखेसकट धमकी आली. ती पोलीस बंदोबस्तात गायली. या काळावर बार्बरा कॉपल आणि सिसिलिया पेक यांनी 'शट अप अँड सिंग' नावाचा माहितीपट केला आहे. त्यात एका जागी मार्टी रडत रडत सांगते, की नॅटलीला अजून वाटतं हे सगळं आपल्यामुळे झालं. तिला शांत वाटणार असेल तर मी हे करिअर आज सोडायला तयार आहे. गटातल्या एकीच्या वाक्याची शिक्षा तिघींनी भोगली आणि तिघी एकत्र राहिल्या. मला त्यांच्या गाण्यांहूनही ही गोष्ट मोठी वाटते.

खरा फटका २००६मध्ये कळला. नवा अल्बम आला. 'नॉट रेडी टू मेक नाइस' या गाण्यात त्यांनी मान तुकवायला साफ नकार दिला होता. अल्बम पहिल्याच आठवड्यात पहिल्या क्रमांकावर गेला. २००७च्या ग्रॅमी सोहळ्यात त्यांनी पाच पुरस्कार घेतले, वर्षातला सर्वोत्तम अल्बम, रेकॉर्ड आणि गीत हे तिन्ही मान त्यांच्याकडे गेले. कंट्री रेडिओने मात्र ते गाणं जवळजवळ लावलंच नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आणि मध्यभागातल्या शहरांत तिकिटं खपेनात, तिथले कार्यक्रम रद्द करून कॅनडात जास्त कार्यक्रम घ्यावे लागले. म्हणजे देशभर कौतुक झालं, पण माहेर तुटलं. त्यानंतर पुढचा अल्बम यायला २०२० साल उजाडलं. तोवर इराक युद्धाविषयी अमेरिकेचंच मत पालटलं होतं. गटाने नावातला 'डिक्सी' हा गुलामगिरीच्या काळाची आठवण करून देणारा शब्दही काढून टाकला होता. आता त्या नुसत्या 'द चिक्स' आहेत.

या प्रकरणाची सावली किती लांब पडली, ते टेलर स्विफ्टने सांगितलं आहे. तीही कंट्रीतूनच वर आली. 'मिस अमेरिकाना' या २०२०च्या माहितीपटात तिने म्हटलं, की चिक्ससारखं होऊ देऊ नकोस, असं लहानपणापासून तिच्या कानावर घातलं गेलं होतं. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये टेनेसीच्या निवडणुकीविषयी ती पहिल्यांदा उघडपणे बोलली. तिने पाठिंबा दिलेला सिनेटचा उमेदवार हरला. पण तिच्या त्या एका संदेशानंतर चोवीस तासांत एका मतदार-नोंदणी संकेतस्थळावर सुमारे ६५ हजार जणांनी नोंद केली. तिचं करिअर काही मोडलं नाही. तोवर ती कंट्री रेडिओवर अवलंबून नव्हती. तिचे चाहते थेट तिच्या फोनच्या पडद्यावर होते. तिने नॅटलीपेक्षा सौम्य शब्द वापरले हे खरं, पण तिच्या आणि श्रोत्यांच्या मध्ये उभं राहून दार लावणारा कुणी उरला नव्हता, हे त्याहून मोठं कारण.

मधला माणूस हा नेहमी व्यापारीच असतो असं नाही. कधी तो सरकार असतो, आणि तेव्हा गोष्ट फार कठीण होते.

पॉल रोब्सन हा एका गुलामाच्या मुलाचा मुलगा नव्हे, थेट गुलामगिरीतून पळून सुटलेल्या माणसाचा मुलगा. १८९८चा जन्म. फुटबॉलपटू, वकील, नट, आणि वीस-तीस-चाळीसच्या दशकांत जगभर गाजलेला खर्जातला आवाज. १९४७च्या सुमाराला तो वर्षाला एक लाख डॉलरच्या वर कमवत होता. काळ्यांच्या हक्कांसाठी, वसाहतींच्या स्वातंत्र्यासाठी तो उघड बोलायचा आणि सोव्हिएत संघाची बाजूही घ्यायचा. स्टालिनच्या अत्याचारांवर त्याने मौन पाळलं, ही त्याची मोठी चूकच होती. ती झाकण्याची गरज नाही. पण त्याला शिक्षा झाली ती देशातल्या वर्णद्वेषाविषयी परदेशात बोलण्याची. १९४९मध्ये न्यूयॉर्कजवळच्या पीकस्किल इथे त्याच्या कार्यक्रमावर जमावाने हल्ला केला, घरी परतणाऱ्या श्रोत्यांच्या गाड्यांवर दगड पडले. सभागृहांनी कार्यक्रम रद्द केले. १९५०मध्ये सरकारने त्याचा पासपोर्ट काढून घेतला. देशात गायला जागा नाही आणि परदेशात जायला परवानगी नाही. १९५२पर्यंत त्याची कमाई सहा हजार डॉलरच्या आसपास आली.

मग खाणकामगारांच्या युनियनने एक मार्ग काढला. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर, वॉशिंग्टन राज्याच्या टोकाला, 'पीस आर्च' नावाची एक पांढरी कमान आहे. १८ मे १९५२ला त्या कमानीजवळ, अमेरिकेच्या हद्दीत, एक उघडा ट्रक उभा केला गेला. रोब्सन त्या ट्रकवर चढला आणि सीमेपलीकडे कॅनडात जमलेल्या हजारो लोकांसाठी गायला. पाय अमेरिकेत, आवाज कॅनडात. पुढे १९५७च्या मेमध्ये त्याने न्यूयॉर्कमधून फोनवर गाणं म्हटलं. अटलांटिक समुद्राच्या तळाशी वर्षभरापूर्वीच टाकलेल्या टेलिफोन केबलमधून ते लंडनच्या सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये जमलेल्या श्रोत्यांनी ऐकलं. माणूस अडवता येतो, आवाजाला दुसरी वाट सापडते, हे त्या केबलने दाखवलं. १९५८मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालानंतर त्याला पासपोर्ट परत मिळाला. तोवर त्याची उमेदीची आठ वर्षं गेली होती, तब्येतही ढासळत गेली. त्या आवाजाची एक वाट भारतातही आली होती: न्यूयॉर्कला शिकत असताना रोब्सनला भेटलेले आसामचे गायक भूपेन हजारिका त्याच्या नदीच्या गाण्याची प्रेरणा घेऊन परतले आणि त्यातून ब्रह्मपुत्रेच्या काठावरचं त्यांचं स्वतःचं गाणं उभं राहिलं.

गायिका अर्था किटची गोष्ट त्याच वाटेची. १८ जानेवारी १९६८ला अध्यक्षांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन यांनी व्हाइट हाउसमध्ये काही महिलांना दुपारच्या जेवणाला बोलावलं. विषय होता तरुणांची गुन्हेगारी. किट उभी राहिली आणि म्हणाली, की तुम्ही मुलांना व्हिएतनाममध्ये मरायला पाठवता, मग ती बंड करणार नाहीत तर काय करणार. त्यानंतर तिची अमेरिकेतली कामं आटली आणि तिला युरोपात जाऊन पोट भरावं लागलं. १९७५मध्ये वृत्तपत्रांतून बाहेर आलं, की गुप्तचर संस्थेने तिच्याविषयी फाइल तयार केली होती. ती १९७८मध्ये ब्रॉडवेवर परतली.

आणि हे सगळं दूर देशी घडतं असं वाटत असेल, तर मुंबईत या. १९७६, आणीबाणीचं दुसरं वर्ष. सरकारच्या वीसकलमी कार्यक्रमाच्या प्रचारासाठी चित्रपटसृष्टीने सहकार्य करावं, असा माहिती आणि नभोवाणी मंत्रालयाचा आग्रह होता. मंत्री होते विद्याचरण शुक्ल. किशोर कुमारने नकार दिला. मे १९७६मध्ये त्याची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवर बंद झाली. 'आराधना'नंतरची ती त्याची भरभराटीची वर्षं होती. खासगी एफएम नव्हतं. आकाशवाणी नाही तर दुसरं स्टेशन लावू, अशी सोय देशातल्या बहुतेक घरांत नव्हती. म्हणजे क्युम्युलसने चाळीस-पन्नास स्टेशनांवर जे केलं, ते इथे एका आदेशाने अख्ख्या देशात झालं. आणीबाणी संपल्यावर शहा आयोगाने या प्रकरणाची नोंद घेतली आणि अधिकाऱ्यांचा हेतू त्याला नमवण्याचाच होता हे समोर आलं. किशोर कुमारने राजकीय भाषण केलं नव्हतं. त्याने फक्त नाही म्हटलं होतं.

रॅपचं थोडं वेगळं आहे. चिक्सचं वाक्य दोन गाण्यांच्या मधलं होतं. गाणं निर्मळ राहिलं. रॅपरचं राजकारण गाण्याच्या आतच असतं, त्यामुळे त्याचं गाणंच पुरावा म्हणून समोर ठेवलं जातं. १९९२मध्ये अमेरिकेत आइस-टीने आपल्या बॉडी काउंट या मेटल बँडबरोबर पोलिसांच्या हिंसेवर संतापलेलं 'कॉप किलर' हे गाणं केलं. टेक्सासच्या पोलीस संघटनांनी अल्बम काढणाऱ्या टाइम वॉर्नर या कंपनीच्याच मालावर बहिष्काराची हाक दिली, भागधारकांच्या सभेत नट चार्ल्टन हेस्टनने त्या गाण्याचे शब्द वाचून दाखवले. जुलैअखेर आइस-टीने गाणं अल्बममधून काढलं, आणि पुढच्या वर्षी कंपनी आणि तो वेगळे झाले. कंपनीची गुंतवणूक गाण्यापेक्षा मोठी असली, की असंच होतं. २०१६मध्ये हाँगकाँगच्या डेनिस हो या गायिकेचा कार्यक्रम लँकोम या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने रद्द केला, कारण ती लोकशाही आंदोलनात उतरली होती आणि कंपनीला चीनची बाजारपेठ सांभाळायची होती. तिने कार्यक्रमाच्या ठरलेल्या दिवशीच रस्त्यावर फुकट कार्यक्रम केला. त्या वर्षी पुढे तिने मोठ्या सभागृहातले कार्यक्रम केले, तेव्हा एका बड्या प्रायोजकाऐवजी छोट्या दुकानदारांनी थोडे थोडे पैसे घातले होते.

आज रॅपरला रेडिओ लागत नाही, कंपनीही लागत नाही. एक फोन, एक बीट, एक चॅनेल पुरतं. मधलं दार राहिलेलं नाही, म्हणून हात थेट गायकाच्या कॉलरवर पडतो. स्पेनमध्ये पाब्लो हासेल या रॅपरला गाण्यातल्या ओळी आणि ट्वीटसाठी २०२१मध्ये तुरुंगात टाकलं. इराणमध्ये महसा अमिनी या तरुणीच्या मृत्यूनंतरच्या आंदोलनाला साथ देणाऱ्या तूमाज सालेही या रॅपरला ऑक्टोबर २०२२मध्ये पकडलं. एप्रिल २०२४मध्ये त्याला फाशीची शिक्षा सुनावली गेली. जगभरातून आवाज उठला, जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि डिसेंबर २०२४मध्ये तो बाहेर आला. त्याच्या बाबतीत करिअरचं नुकसान हा शब्दच तोकडा पडतो. आणि पासपोर्टची जुनी युक्तीही संपलेली नाही. जून २०२५मध्ये ग्लास्टनबरी महोत्सवात इस्रायली सैन्याविरुद्ध मृत्यूची घोषणा दिल्यावर बॉब व्हिलन या ब्रिटिश जोडीचे व्हिसा अमेरिकेने रद्द केले. ती घोषणा मला मान्य नाही. कुणाच्या मरणाची मागणी करणं हे युद्धाला विरोध करणं नव्हे. तरी व्हिसाचा वापर मंच काढून घेण्यासाठी झाला, हे दिसतंच.

आपल्याकडे २०२३च्या वसंतात राज मुंगासे या मराठी रॅपरचं एक गाणं फोनाफोनी फिरलं. महाराष्ट्रातल्या सत्तांतरावर आणि खोक्यांच्या आरोपांवर ते होतं. त्यात कुणाचं नाव घेतलेलं नव्हतं. अंबरनाथच्या पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. त्याच सुमारास मुंबईच्या उमेश खाडे या तरुणावरही त्याच्या गाण्यासाठी कारवाई झाली. या पोरांच्या मागे कंपनी नव्हती, वकिलांची फौज नव्हती, ग्रॅमी तर नव्हतीच. शाहिरांच्या महाराष्ट्रात, जिथे अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांनी सरकारला डफावर जाब विचारला, तिथे हे घडलं याचं मला फार वाईट वाटतं.

चिक्सकडे ग्रॅमी होती, रोब्सनकडे खाणकामगारांची युनियन होती, डेनिस होकडे छोटे दुकानदार होते. प्रत्येक वेळी जो कलाकार टिकला, तो आपल्या श्रोत्याने पदरचे पैसे घातले म्हणून टिकला. तेव्हा एवढंच मागणं आहे. तुमच्या गावात असा कुणी मुलगा किंवा मुलगी गायला उभी राहणार असेल, तर तिकीट काढून जा. गाणं पटलं नाही तर मधूनच उठून या, पुढच्या वेळी जाऊ नका, चारचौघांत सांगा की मला ते चुकीचं वाटलं. पण तो कार्यक्रम होऊच नये म्हणून सभागृहाच्या व्यवस्थापकाला फोन करू नका.